हेटीचा कान

फुटबॉल क्लबच्या फाटकाशेजारी हेटी कित्येक हिवाळे पडून होती. शनिवारी सामना सुटला की पोरंटोरं तिच्यावर टांग टाकून बसायची, डिमसिम, म्हणजे मांसाच्या तळलेल्या गुंडाळ्या, खायची आणि तेलकट कागद तिच्या तोंडात कोंबून घरी जायची. उजवं चाक मोडलेलं, गाड्याचं लाकूड भिजलेल्या बिस्किटासारखं झालेलं, नळीवर गंजाचे पापुद्रे. मेलबर्नपासून दूर किनाऱ्यावरच्या आमच्या पोर्ट फेअरीत समुद्राचा वारा काही म्हणता काही टिकू देत नाही. दारांच्या बिजागऱ्या, मोटारींचे पत्रे, माणसांचे गुडघे, सगळं खातो.

हेटी म्हणजे तोफ. खरी जुनी नव्हे, नक्कल. नदीच्या मुखाशी टेकडीवर जुन्या तोफा आहेत, पण त्या नुसत्या बघायच्या. म्हणून देशाच्या दोनशेव्या वर्षी माझ्या नवऱ्याने, लिओने, ही बनवली. तो दूध कारखान्यात फिटर होता. आत पोलादी नळी, वर ओतीव लोखंडाचं कवच, जुन्या नमुन्याबरहुकूम. तिने लढाई पाहिलेली नाही. तिच्यातून कधी गोळा सुटलेला नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकलं की तुम्ही हटकून विचाराल, तिच्यापायी कुणी मेलं होतं का? नाही. कुणीही नाही.

आमचा एक स्वयंसेवक तोफखाना आहे. मंडळी बहुतेक निवृत्त, गुडघ्यांना पट्टे बांधणारी. सुट्टीच्या दिवसांत जुन्या काळचे निळे कोट चढवायचे, टेकडीवर जायचं आणि पाहुण्यांसमोर नुसत्या दारूचे बार काढायचे. बार झाला की कुत्री पळतात, तान्ही मुलं रडतात आणि बाकीचे सॉसेजच्या रांगेत उभे राहतात. क्लॅरी मॅगिनेस आमचा कप्तान. ऐंशीच्या घरात आलाय, पण हुकूम असे सोडतो की वाटावं समोर शत्रूचं आरमार आलंय.

त्यात माझं काम कानाचं. तोफेच्या बुडाशी वरच्या अंगाला बारीक छिद्र असतं, त्याला कान म्हणतात. बत्ती तिथून देतात. एक बार झाला की आत कुठेतरी ठिणगी धुमसत राहू शकते. म्हणून पुढचा माणूस गजाला ओला बोळा लावून नळी पुसतो, मग दुसऱ्या बाराची पुडी आत ठासतो. तेवढा सगळा वेळ मागच्या माणसाने अंगठ्याला चामड्याची खोळ घालून कान घट्ट दाबून धरायचा. अंगठा ढिला पडला तर कानातून वारा खेळतो, ठिणगी फुलते आणि ठासणाऱ्याचा हात जातो. गज धरणारा मागे वळून बघत नाही. तशी रीत आहे. आणि ज्याने अंगठा उचलला त्याच्या टाळक्यात गज हाणला, तर त्यावर कुणी चकार शब्द काढायचा नाही, हीही रीत आहे.

गज लिओचा, कान माझा. माझं गाडी चालवणं त्याला पसंत नाही, माझा स्वयंपाक त्याला अळणी लागतो, माझ्या बहिणीचं तर नाव काढायची सोय नाही. पण तोच माणूस हेटीच्या तोंडासमोर उजवा हात घालायचा आणि एकदाही मागे बघायचा नाही. आमचं लग्न लागलं चर्चमध्ये, पण खरा संसार तिथे होता असं मला वाटायचं. क्लबातल्या बायका चिडवायच्या, हेटी तुझी सवत गं, यूना. मी हसण्यावारी न्यायचे. लोखंडाशी नवरा वाटून घ्यायला माझी हरकत नव्हती. माणसांशी होती.

मी मत्सरी आहे. झाकून काय करायचं? लिओ भाजीवालीशी दोन वाक्यं जास्त बोलला तरी माझ्या पोटात दुखतं, आणि हे वय झालं म्हणून कमी झालेलं नाही.

तर हेटीला पुन्हा उभी करायची असं ठरलं आणि टेगन आली. मॉइन नदीवरच्या होड्यांच्या कारखान्यात ती सुतारकाम करते. तिशीतली, दंड मजबूत, कानामागे पेन्सिल. नवा गाडा आणि दोन्ही चाकं मी करून देते म्हणाली, पैसे नकोत. सगळे खूष. क्लॅरी तर तिच्यासाठी थर्मासमधून चहा आणायला लागला. आणि लिओ कामाच्या दिवशीही दाढी करायला लागला. मी विचारलं तर म्हणे, गंजाची धूळ दाढीत अडकते. एवढी वर्षं अडकली नव्हती ती.

धक्क्यावरच्या जुन्या मासळीच्या शेडमध्ये काम चाललं. नळी दोन लाकडी घोड्यांवर ठेवली होती. शेडला डिझेलचा, आमिषाच्या माशांचा आणि आता रॉकेलचा वास. लिओ आणि टेगन लांब काठीला तारेचा ब्रश लावून दोघांनी मिळून नळी आतून घासत, एक ढकलायचा, एक ओढायची, आणि मध्येच काहीतरी होऊन हसत सुटायची. मला काम दिलं होतं बाहेरून रंग खरवडायचं. मी खरवडत होते. नखं जाईपर्यंत खरवडत होते.

त्यात माझा अंगठा. त्याचा सांधा झिजलाय असं डॉक्टरने सांगितलं होतं. थंडीत तर चमचाही धरवत नाही. मी ते कुणाला बोलले नव्हते, पण नवऱ्यापासून काय लपणार. एक दिवस क्लॅरीच्या तोंडून मला कळलं की या हंगामात कान टेगन धरणार. लिओनेच सुचवलं होतं. मी घरी येऊन त्याला धारेवर धरलं.

"यूना, तुला जॅमची बाटली उघडत नाही."

"बाटली वेगळी, कान वेगळा."

"हात माझा जाणार आहे गं," तो म्हणाला. रागाने नाही म्हणाला. त्याचाच मला जास्त राग आला, कारण त्याचं बरोबर होतं.

कानाचं जुनं छिद्र झिजून मोठं झालं होतं, म्हणून लिओने त्यात तांब्याचा नवा तुकडा आटे पाडून बसवला आणि मध्ये बारीक भोक पाडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं चाकांची लोखंडी धाव आणायला वॉर्नांबुलला गेले. मी शेडमध्ये एकटीच. हात पुसलेला पातळ कागद मी सहज हेटीच्या बुडावर ठेवला, तर तो सरकत सरकत गेला आणि कानावर चिकटला. मी उचलला. पुन्हा चिकटला. तोंडाला लाकडी बूच घट्ट बसवलेलं, त्याच्या कडेला ग्रीस. हवा येणार कुठून आणि जाणार कुठे?

मी आयुष्य दुधाच्या प्रयोगशाळेत काढलं. चरबी किती, आंबटपणा किती, पाणी घातलंय का. तपासायचं आणि मग बोलायचं. सकाळी ऊन पडून नळी तापली असेल, आता निवतेय, म्हणून आतली हवा आकसून बाहेरची ओढली जातेय. हे पटण्यासारखं होतं. मी नळीवर जुनी ब्लँकेटं टाकली, थांबले, हात लावून पाहिला. निवणं थांबलं होतं. कागद तरी ओढला जात होता. आणि एकसारखा नाही. ओढायचा, जरा सुटायचा, पुन्हा ओढायचा.

मग मी अंगठा ठेवला.

लहानपणी आमच्या गोठ्यात दुधावरून तोडलेल्या वासराला बोट चोखायला द्यायचो. त्याला वर पुढचे दात नसतात, पण जीभ खरखरीत असते आणि ओढ अशी की खांद्यापर्यंत जाणवते. तसं होतं ते. मी घाबरले नाही. आता नवल वाटतं, पण नाही घाबरले. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की अंगठा दुखत नाहीये. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा दुखत नव्हता. मला दाबावंही लागत नव्हतं. ती धरून होती.

मी कुणाला सांगितलं नाही. काय सांगणार? आणि खरं म्हणजे सांगायचंच नव्हतं. लिओ आणि ती पोरगी खुशाल हसत ब्रश ढकलू देत. माझं माझ्यापाशी होतं. रोज दुपारी सगळे चहाला बाहेर बाकावर बसले की मी काहीतरी विसरल्याचं निमित्त करून आत जायची आणि अंगठा ठेवून उभी राहायची. माझ्या सांध्याची सूज उतरली. घरी जॅमची बाटली मी लिओच्या नाकासमोर उघडली. तो म्हणाला, औषध लागू पडलं वाटतं, पण कानाचं काम मात्र त्याने परत दिलं नाही.

गाडा झाला, चाकं चढली, राखाडी रंग लागला. हेटी इतकी देखणी कधीच नव्हती. क्लॅरीने धक्क्यावर कोरडी कवायत ठेवली. दारू नाही, काही नाही, नुसत्या हालचाली. मी पुड्यांच्या पेटीशी. टेगनने माझी खोळ चढवली, कानावर अंगठा ठेवला आणि लिओने गज आत घातला.

टेगनचा अंगठा उडाला. तिला वाटलं घसरला. पुन्हा ठेवला. लिओने गज दाबला आणि तिचा हात मनगटापासून वर उचलला गेला, कुणी खालून टिचकी मारावी तसा.

"आतून फुंकतंय कोणीतरी," ती हसत म्हणाली. तिसऱ्या वेळी हसली नाही. तिने दोन्ही अंगठे एकावर एक ठेवले, अंगाचा भार टाकला. तरी उचलले गेले. खोळ काढून पाहिली तर आतल्या अंगठ्यावर लालभडक गोल वळ, भाजल्यासारखा. लिओने विजेरी लावून नळी तपासली. स्वच्छ. चामडं गुळगुळीत झालंय, नवी खोळ शिवू, असा त्याने निकाल दिला. आणि मी? पेटीवर बसून मान खाली घातली होती, कारण हसू आवरत नव्हतं. इतका आनंद मला नातवाच्या जन्मालाही झाला नव्हता.

घरी आल्यावर मात्र तो आनंद जिरला. दारू नसताना जे होतंय ते दारू असताना झालं तर? हात लिओचा जाणार होता. मी त्याला म्हटलं, तिला ठेवू नकोस, मला घे, माझा अंगठा आता बरा आहे. त्याने चाकू-काटा खाली ठेवला.

"तुला तिचा हेवा वाटतोय. सरळ बोल ना."

वाटत होता. पण म्हणून मी खोटं बोलत होते असं नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं असतं, आणि ते नवऱ्याला समजावून सांगायला शब्द नसतात.

वसंतात टेकडीवर पहिला खेळ झाला. वारा दक्षिणेचा, समोर बेटावर मटनबर्ड पक्ष्यांची बिळं, गवतात माणसं चादरी पसरून बसलेली. पहिला बार उत्तम गेला. टाळ्या पडल्या. पहिल्या बाराआधी आत ठिणगी नसते, तेव्हा धोका नसतो. मी दुसऱ्याकडे डोळे लावून बसले होते.

लिओने नळी पुसली. पुडी आत सरकवली. गज फिरवून घेतला. टेगनचं कोपर वर येताना मला दिसलं.

मी पेटी टाकून धावले. तिला खांद्याने ढकललं आणि उघडा अंगठा कानावर टेकवला. हेटीने तो इतक्या जोरात ओढला की डोळ्यांपुढे अंधारी आली. लिओने मागे न बघता गज दाबला. काही झालं नाही. बार वेळेवर निघाला.

लोकांनी पाहिलं ते एवढंच, की एका म्हातारीने तरण्या बाईला धक्का देऊन गवतात पाडलं. काहींना तो खेळाचाच भाग वाटला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. टेगनने पँट झटकली, खोळ काढली आणि माझ्या कोटाच्या खिशात घातली.

"तुमचीच आहे ती. मला नको," ती हळूच म्हणाली. तिच्या अंगठ्याचं नख काळं पडलं होतं. त्यानंतर ती तोफखान्यात आली नाही. गावात दिसली तर रस्ता ओलांडून पलीकडे जाते.

लिओने माझ्याशी बोलणं टाकलं. टाकू दे म्हटलं. मी जिंकले होते. कान माझा होता, गज त्याचा होता, मध्ये कुणी नव्हतं. आज ना उद्या राग जातो त्याचा, मला ठाऊक होतं. आणि गेलाच. एका दुपारी तो शेडमध्ये बेकरीतून खिमा भरलेली पेस्टी घेऊन आला. मी हेटीच्या चाकांना तेल देत होते. त्याने मागून येऊन माझ्या कमरेवर हात ठेवला. "झालं ते झालं. चल, गरम आहे तोवर खा," म्हणाला.

हेटीच्या तोंडातलं बूच सुटलं आणि समोरच्या फळीवर जाऊन आदळलं. फळीला खोक पडली. लिओ हसला. म्हणाला, ऊन लागून हवा फुगली असेल. तेव्हा पाऊस होता.

दुसऱ्यांदा तो माझ्या शेजारी बाकावर बसून माझा हात हातात घेऊन अंगठा बघत होता, खरंच बरा झालाय का म्हणून. शेडची जमीन सपाट सिमेंटची. चाकांना दोन्हीकडून लाकडी पाचरी. त्यातली पुढची पाचर आपोआप सरकली आणि हेटी हातभर पुढे आली. त्याच्या बाजूला. त्याने पाय वेळेवर ओढला म्हणून बरं.

मी मग मुद्दाम करून पाहिलं. प्रयोगशाळेतली सवय. त्याच्याशी भांडले, तर ती स्वस्थ. त्याच्याकडे पाठ करून काम केलं, तर स्वस्थ. त्याच्या कपाळावरची काजळी पुसायला हात नुसता उचलला, तर नळीतून घशात अडकल्यासारखा आवाज आला.

तेव्हा मला उमगलं. हेटी माझी सवत नव्हतीच कधी. सवत होती ती लिओची.

आणि तोंडासमोर हात घालून उभा राहणारा तोच.

मी त्याला गज सोड म्हणून विनवलं. तुझ्या पाठीला झेपत नाही म्हटलं, अपशकुन होतोय म्हटलं, नाही नाही ते सांगितलं. त्याने गज भिंतीला टेकवला. म्हणाला, आधी टेगनला काढलंस, आता मला काढतेस? खेळच बंद करा असं क्लॅरीला सांगितलं तर तो म्हणे, पोरी, परवाने हातात आहेत, नाताळच्या सुट्टीला अर्धं मेलबर्न इथे येतं. मी स्वतः सोडावं, तर दुसरा कुणीही कान धरायला आला तरी ती त्याला झिडकारणार आणि हात लिओचाच जाणार. सगळीकडून दोरी माझ्याच गळ्याशी येत होती.

एक उपाय होता. कानात मेख ठोकली की तोफ मेली, हे तोफखान्यात कुणालाही ठाऊक असतं. एकदा सगळे जेवायला गेले असताना मी पोलादी खिळा आणि हातोडा घेऊन तिच्यापाशी उभी राहिले. खिळा कानावर टेकवला. मग तो बाजूला केला आणि अंगठा ठेवला, फक्त एकदाच, शेवटचा म्हणून. बाकीचे परत आले तेव्हा मी तशीच उभी होते. हातोडा मी कधी खाली ठेवला ते आठवत नाही.

त्या दिवसापासून मी शेडमध्ये लग्नाची अंगठी काढून ठेवायला लागले. लिओपासून लांब बसायचे. त्याला 'गॅल्विन' म्हणून आडनावाने हाक मारायचे. तो चेष्टा समजायचा. सलाम ठोकायचा, "हुकूम, बाईसाहेब."

आमच्याकडे नाताळ ऐन उन्हाळ्यात येतो, त्यामुळे सुट्टीतला खेळ भर उन्हात झाला. टेकडी माणसांनी भरली होती. पहिला बार झाला, धूर नदीकडे गेला. मी कान धरला, ओढ नेहमीसारखी होती. लिओने नळी पुसली. तेवढ्यात क्लॅरीने भोंगा तोंडाला लावून लोकांना सांगितलं, की हे गजवाले आणि कान धरणाऱ्या बाई नवरा-बायको आहेत, आणि आज त्यांच्या लग्नाचा वाढदिवस आहे.

लोक ओरडायला लागले. लिओला असलं फार आवडतं. ओला गज खांद्यावर टाकून तो चाकाला वळसा घालून आला, टोपी काढली आणि माझ्या गालाचा मुका घेतला. मला अंगठा उचलता येत नव्हता. मान फिरवायला उशीर झाला.

अंगठ्याखालची ओढ थांबली.

ढकललं नाही. काही नाही. नुसता श्वास रोखून धरावा, तसं.

लिओ शीळ घालत तोंडाशी गेला. त्याने पुडी घेतली. आत सरकवली. मी थांबा म्हणून ओरडले, पण लोक अजून टाळ्या वाजवत होते आणि क्लॅरी हसत होता.

गज आत गेला.

खोळीच्या खालून काहीतरी वर यायला लागलं. हळूहळू. घाई नसल्यासारखं. मी दोन्ही हातांनी दाबलं. सांध्यात जुनी कळ उठली आणि अंगठा कणाकणाने उचलला जाऊ लागला.

"लिओ," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, पहिल्या रांगेला ऐकू जाईल इतक्या. "मला तू नकोस. कधीच नको होतास. तुझा हात लागला की मला किळस येते."

टाळ्या थांबल्या.

लिओने मागे वळून पाहिलं.

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. हात गजावर, आणि तोंड माझ्याकडे. मी नजर हलवली नाही. हलवली असती तर त्याला खरं कळलं असतं, आणि तिलाही.

अंगठा खाली ओढला गेला. घट्ट. कळ गेली.

त्याने गज पूर्ण दाबला, बाहेर काढला, बाजूला झाला. बार फार सुरेख झाला म्हणतात.

घरी आल्यावर त्याने एकच विचारलं. खरं होतं का ते? स्वयंपाकघरात आम्ही दोघंच होतो, हेटी नदीपलीकडे कुलपात. नाही रे, असं म्हणायला काय जात होतं? मी तोंड उघडलंही. मग वाटलं, याच्या मनातलं सगळं तोंडावर दिसतं. उद्या हा हसऱ्या चेहऱ्याने शेडमध्ये जाणार आणि ती बघणार. मी म्हटलं, हो. त्याने खुर्ची टेबलाखाली सारून ठेवली. मग कोलॅकला स्वतःच्या बहिणीकडे निघून गेला. त्याचा उजवा हात धड आहे. मी रोज स्वतःला तेवढं सांगते.

लोक विचारतात, मग आता तू तरी का सोडत नाहीस? त्यांना मी वयाचं, सवयीचं काहीबाही सांगते. खरं उत्तर साधं आहे. दुसऱ्या कुणाचा अंगठा तिथे टेकलेला मला बघवणार नाही.

गज आता शेजारच्या कोरॉइट गावचा एक माणूस धरतो. पन्नाशीतला, शाळेची बस चालवतो, कामाला चोख. पहिल्या दिवशी हात पुढे करून नाव सांगायला लागला, तेव्हा मी तेलाचा डबा आणायला निघून गेले. अजून मला त्याचं नाव ठाऊक नाही. फार सालस आहे म्हणतात. परवा कवायतीच्या मध्ये त्याने माझ्यासाठी चहा आणला, दोन्ही हातांनी कप धरून, सांडू न देता. मी अंगठा कानावर ठेवूनच दुसऱ्या हाताने कप घेतला आणि त्याच्या देखत सगळा चहा जमिनीवर ओतला. त्या बिचाऱ्याने रिकामा कप माझ्या हातून घेतला. खोळीच्या आत अंगठा हळूच, लाडाने ओढला गेला.